मस्करी, लकब आणि दहावीचा निरोप

फेब्रुवारी जवळ आला की दहावीच्या वर्गात सराव परीक्षेइतकीच आणखी एका गोष्टीची धांदल सुरू होते. मराठी शाळेत तिला निरोप समारंभ म्हणतात, उर्दू शाळेत अलविदाई जलसा. थाट मात्र एकच. मुलींच्या नव्या ओढण्या, मुलांच्या केसांना जास्तीचं तेल, नववीच्या मुलांनी वर्गणी काढून आणलेले समोसे, आणि ज्याची सगळे वाट पाहत असतात ते फिशपाँड. जुन्या मराठीत शेलापागोटे. वर्गात एक डबा ठेवायचा, नाव न घालता त्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि समारंभात त्या मोठ्यानं वाचायच्या. उर्दू शाळांत याचंच भावंड म्हणजे खिताब. रोज उशिरा येणारा ‘लेट लतीफ’, गृहपाठ न करणारा ‘शहंशाह-ए-बहाना’.

हे सगळं बंद करा, असं म्हणणारे पालक मला दरवर्षी भेटतात. मी त्यांच्यातली नाही. दहा वर्षं एकत्र बसलेल्या मुलांनी शेवटच्या दिवशी हसू नये तर काय करावं?

दोन भाषांची गंमत

आणि आपल्या मुलांकडे हसण्यासारखं पुष्कळ असतं. पहिलीपासून उर्दूत शिकलेलं मूल मराठीच्या तासाला बसतं तेव्हा ओळखीचे शब्दच त्याला फसवतात. बाई म्हणतात, “खाली बस.” तो वर्गभर खाली, म्हणजे रिकामी, जागा शोधत फिरतो. हिंदीच्या पुस्तकात शिक्षा म्हणजे तालीम, मराठीत शिक्षा म्हणजे अंगठे धरून उभं राहणं. एका मुलाचं मत असं, की दोन्ही अर्थ एकच आहेत, उगाच दोन पुस्तकं छापली. भूमितीत त्रिकोणाला उर्दूत मुसल्लस म्हणतात. पाचवीतल्या एका चिमुरडीनं हात वर करून विचारलं होतं, “मिस, पण आमच्या घरच्या मुसल्ल्याला तर चार कोपरे आहेत!”

मराठी शाळेतली मुलंही सुटत नाहीत. संध्याकाळी उर्दू शिकायला बसली की त्यांना कळतं, कानाला सारख्याच वाटणाऱ्या आवाजासाठी जाल, जे, जाद आणि जोय अशी चार अक्षरं आहेत. मग उर्दूवाल्यांना ‘ळ’ म्हणायला लावून ती सूड उगवतात.

काटकसरीच्या घरातल्या वहीचीही एक गंमत असते. दोनशे पानी एकच वही, उजवीकडून उर्दू, डावीकडून मराठी. वर्ष संपत आलं की दोन्ही भाषा मधल्या पिनांपाशी समोरासमोर येतात आणि मुलगी म्हणते, “मिस, आता लिहू कुठे?”

या गोष्टींवर वर्ग पोट धरून हसतो आणि कुणाचंच काही जात नाही, कारण फजिती सगळ्यांची सारखीच झालेली असते.

मस्करी हा शब्द आला कुठून?

पण डब्यातली प्रत्येक चिठ्ठी अशी नसते. काहींत रंग असतो, काहींत वजन, काहींत कुणाचं अडखळतं बोलणं, काहींत वडिलांचा धंदा.

आपण मराठीत सहज म्हणतो, “अहो, मस्करी केली.” हा शब्द अरबीतल्या ‘मस्खरा’वरून आला. सूरह हुजुरातच्या 11व्या आयतीत ज्या क्रियापदानं एकमेकांची खिल्ली उडवायला मनाई केली आहे, तेही याच धातूचं आहे. त्या आयतीत पुरुषांना बजावलं आहे आणि स्त्रियांना वेगळं बजावलं आहे. ज्याला हसता तो कदाचित तुमच्याहून चांगला असेल, असं कारणही दिलं आहे. पुढे एकमेकांना वाईट ‘अलकाब’ देऊ नका, असंही सांगितलं आहे. अलकाब म्हणजे लकबचं अनेकवचन. आपल्या जलशातले खिताब म्हणजे दुसरं काय?

याचा अर्थ विनोदच नको, असा नाही. एकानं प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे बसायला जनावर मागितलं. तुला उंटिणीचं पिल्लू देतो, असं त्यांनी सांगितलं. पिल्लाचं मी काय करू, म्हणून तो गोंधळला. तेव्हा त्यांनी समजावलं, की प्रत्येक उंट कुठल्या तरी उंटिणीचं पिल्लूच असतो. तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत ही हकीकत आहे. त्यात खोटं काही नाही, आणि मागणारा हसतच परतला असेल.

शेवटचा शब्द

दहावीनंतर वर्ग फुटतो. कुणी ज्युनिअर कॉलेजला, कुणी आयटीआयला, कुणी वडिलांच्या दुकानात. काही मुलींची शाळा तर तिथेच संपते. त्यामुळे त्या दिवशी कानावर पडलेला शब्द पुसायला पुढचा दिवस मिळत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या रंगावर अशीच एक चिठ्ठी वाचली गेली होती. वर्ग हसला, तीही हसली. आज तिच्या मुलीचं लग्न ठरलं आहे, आणि अजूनही फोटोच्या वेळी ती मागच्या रांगेत जाते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत भंगाराचा गाडा लावणाऱ्याच्या मुलावर चिठ्ठी आली. एकच शब्द होता: भंगारवाला. चिठ्ठ्या निवडणाऱ्या दोन मुलींनी ती बाजूला काढली आणि स्वतः नवी लिहिली. ‘पंखा, कडी, कंपासपेटी, सरांचा चष्मा, जे मोडेल ते जोडून देणारा आमचा उस्ताद. फक्त गणिताशी त्याचं जुळलं नाही.’ सगळ्यात मोठ्यानं तोच हसला. आज तो वायरमन आहे आणि मित्रांच्या मोबाइलमध्ये अजून ‘उस्ताद’ याच नावानं आहे.

तेव्हापासून आम्ही तीन साधे नियम ठेवले. प्रत्येकानं पहिली चिठ्ठी स्वतःवर लिहायची. माणूस जे करतो त्यावर हसायचं, तो जसा जन्मला किंवा ज्या घरात जन्मला त्यावर नाही. आणि एक शिक्षक, दोन विद्यार्थी यांनी आदल्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या वाचायच्या. हशा कमी झालेला नाही, उलट वाढला, कारण स्वतःवर लिहिताना मुलं फार खरं लिहितात.

बाकीचं काम घरचं आहे. ‘काळू’, ‘जाडी’, ‘ठेंगू’ ही नावं मुलं शाळेत शिकत नाहीत. ती दस्तरख्वानवर, मामा-खालांच्या लाडात, आपल्याच तोंडून ऐकतात.

यंदा तुमचं मूल जलशाहून परतलं, की समोसे कसे होते, फोटो किती काढले, हे जरूर विचारा. मग विचारा, “तू कुणावर काय लिहिलंस?” त्याच्यावर काय लिहिलं गेलं, ते मग तेच सांगेल.