होकायंत्राचाही ताळा करावा

मागच्या पावसाळ्यात आम्ही बेळगावची आठ मंडळी आंबोलीजवळच्या एका सड्यावर फिरायला गेलो होतो. अचानक धुके उतरले आणि दहा पावलांवरचा माणूस दिसेना. आमच्या पूर्वेला डांबरी रस्ता, पश्चिमेला कोकणात कोसळणारा कडा. मी होकायंत्र काढले आणि सगळ्यांना 'पूर्वेकडे' घेऊन निघालो. थोड्या वेळाने एक वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो ना? मग तो तोंडावर कसा लागतोय?"

आम्ही थांबलो, वाऱ्याकडे पाठ केली आणि रस्त्याला लागलो. सुईचे लाल टोक चक्क दक्षिण दाखवत होते.

असे का होते? होकायंत्राची सुई म्हणजे हलके चुंबक. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षीण असते, त्यामुळे जवळचे लोखंड, चाकू, मोबाईल सुईला सहज ओढतात. वस्तू दूर केली की सुई पुन्हा जागेवर येते. पण जोरदार चुंबक अगदी जवळ राहिले तर सुईचे ध्रुवच उलटू शकतात. माझे होकायंत्र मोबाईलच्या चुंबकी झाकणाला लागून दिवसभर एकाच खिशात होते!

दुसरे कारण खडक. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असते. वीज पडलेल्या माथ्यावरचा खडक तर अधिकच चुंबकित झालेला असतो. तिथे दोन-चार पावले सरकले तरी सुई फिरते.

तिसरे, चुंबकीय उत्तर आणि नकाशावरची उत्तर एक नव्हे. आपल्या भागात हा फरक एक-दोन अंशांचाच. काही देशांत तो दहा अंशांहून जास्त असतो. दहा अंश चुकले तर एक किलोमीटरला माणूस सुमारे १७५ मीटर बाजूला जातो.

मोबाईलमधले होकायंत्रही हेच क्षेत्र मोजते, म्हणून ते वेगळा साक्षीदार नव्हे.

तेव्हा निघण्यापूर्वी सकाळच्या सूर्याशी होकायंत्र ताडून पाहा. ते मोबाईलपासून दूर ठेवा. शंका आली तर जागा बदलून पुन्हा बघा. ऊन, वारा, उतार आणि नकाशा काय सांगतात तेही पाहा.

बँकेत रोख मोजून वहीशी ताळा जमल्याशिवाय आम्ही तिजोरी बंद करत नसू. त्या दिवशी मी तो नियम विसरलो. ताळा वहिनींनी केला, म्हणून आज हे लिहितो आहे.