‘पंपिंग’ किती आणि मोजलं कशानं?

टू-डी इकोचा रिपोर्ट आला की घरातले सगळे आधी एकच आकडा शोधतात : ईएफ. ‘बाबांचं पंपिंग ४५ आलंय’, असं मग फोनवर नातेवाइकांना कळवलं जातं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, निम्म्याहून अधिक हृदय निकामी झालं! तसं नसतं. शरीरभर रक्त ढकलणाऱ्या डाव्या जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती बाहेर पडलं, त्याची ही टक्केवारी. १२० मिलिलिटर भरलं आणि ७२ बाहेर गेलं, तर ईएफ ६०. निरोगी हृदयही हा कप्पा पूर्ण रिकामा करत नाही. इकोवर पुरुषांत ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ हा आकडा उत्तम समजतात.

पण इकोचं यंत्र हे रक्त मापून देत नाही. त्याला कप्प्याचा एकेक छेद तेवढा दिसतो. डॉक्टर दोन कोनांतून कप्प्याची आतली कड आखतात, एकदा तो भरलेला असताना आणि एकदा आकुंचन पावल्यावर. मग संगणक भाकऱ्यांची चवड रचावी तशा वीस चकत्या कल्पून आकारमान काढतो. प्रोब जरा तिरका लागला की हृदयाचं टोक सुटतं आणि कप्पा आखूड भासतो. रुग्ण स्थूल असेल किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, तर कडच धूसर दिसते. पुष्कळदा तर आकडा नजरेच्या अंदाजानेच लिहिलेला असतो. अनुभवी नजर सहसा फसत नाही. तरी एकाच रुग्णाच्या दोन तपासण्यांत पाच ते दहा अंकांचा फरक सहज पडतो.

एमआरआयमध्ये असं काही कल्पावं लागत नाही. रुग्णाने श्वास रोखला की हृदयाच्या बुडापासून टोकापर्यंत ओळीने छेद घेतले जातात आणि प्रत्येकातलं क्षेत्रफळ प्रत्यक्ष मोजलं जातं. किरणोत्सर्गही नाही. म्हणून आज हीच पद्धत प्रमाण मानतात. मात्र ती महाग आहे, वेळखाऊ आहे, ठोके अनियमित असले तर चित्र बिघडतं आणि धाप लागलेल्या माणसाला श्वास रोखणं जड जातं. मुगा स्कॅनमध्ये तांबड्या पेशींना टेक्नेशियम जोडून त्यांचे गॅमा किरण मोजतात. कर्करोगाची औषधं चालू असलेल्यांसाठी तो वर्षानुवर्षं वापरला गेला. किरणोत्सर्ग हा त्याचा तोटा. सीटीचंही तेच, शिवाय तिथे शिरेतून कॉन्ट्रास्ट द्यावं लागतं.

२००० साली ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये हृदय कमकुवत झालेल्या त्याच त्या रुग्णांची इको, किरणोत्सारी स्कॅन आणि एमआरआय अशी तुलना प्रसिद्ध झाली. एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या जागी वापरता येत नाही, हा तिचा निष्कर्ष होता. तो डॉक्टरांना ठाऊक आहे. रुग्णांपर्यंत मात्र पोचलेला नाही, आणि मला हे गंभीर वाटतं. कारण ३५ किंवा त्याखालच्या आकड्यावर छातीत डिफिब्रिलेटर बसवण्याचा विचार होतो. स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रॅस्टुझुमॅब चालू असताना ईएफ दहा अंकांनी घसरून ५० खाली गेली, तर ते थांबवण्याची वेळ येऊ शकते. मागचा आकडा मुगाचा आणि आताचा इकोचा असेल, तर ही घसरण हृदयाची की पद्धतीची?

म्हणून एवढं करा. पुढच्या तपासणीला जुने रिपोर्ट सोबत न्या. शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने तपासून घ्या. ईएफ आखून काढली की अंदाजाने, हे संकोच न करता विचारा. आणि मोठा निर्णय दोन-चार अंकांवर अडला असेल, तर ‘एमआरआय करून घ्यावा का?’ हे आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना आधी विचारा.