कंगव्यावरची कात्री

जुन्या मुंबईतल्या जुन्या धंद्यांवर अंक काढायचं ठरलं तेव्हा इराण्याचं हॉटेल एकानं पटकावलं, छापखाना दुसऱ्यानं, आणि सलून माझ्या वाट्याला आलं. ‘आजोबांच्या फोटोत असतो तसा कट करून घे आणि तो कसा होतो ते लिही,’ एवढीच संपादकांची सूचना. म्हणजे मागून आणि बाजूंनी बारीक, वर बोट-दीड बोट लांब, डावीकडे सरळ भांग. कॉलेजातली पोरं हल्ली त्याला विंटेज म्हणतात. गिरगावातल्या ज्या दुकानात मी गेलो तिथल्या काकांच्या दरपत्रकावर तो ‘साधी कटिंग’ या नावानं १२० रुपयांना आहे.

इतिहास थोडक्यात उरकतो. गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. धोकटी घेऊन दारोदार जायचं, वर्षभर डोकी करायची आणि सुगीला धान्याच्या रूपात बलुतं घ्यायचं. भोवती घेरा, मध्ये शेंडी, यापलीकडे पुरुषांच्या डोक्याला फारसे पर्याय नव्हते. इंग्रजी अमदानीत पलटण, पोलीस, शाळा आणि कचेरी यांच्यामागोमाग भांग आला, आरसा आला, खुर्ची आली आणि गिऱ्हाइकाच्या ओसरीवर बसणारा कारागीर स्वतःच्या दुकानात उभा राहिला. याच मुंबईत १८९० साली न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते. हक्काच्या मिळकतीवर पाणी सोडून घेतलेला हा निर्णय होता. सुशिक्षित सुधारक तेव्हा बराचसा वेळ व्याख्यानांत घालवत होते. पुढे माथेरानच्या नाभिक कुटुंबातले भाई कोतवाल वकील झाले, बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर गोळीला बळी पडले. हे सगळं काकांना पाठ आहे. आरशाच्या वर संत सेना महाराजांच्या तसबिरीशेजारी कोतवालांचाही फोटो आहे.

दुकानात तीन लाकडी खुर्च्या, चालू दोन. भिंतीला एक फळी टेकवलेली. लहान मूल आलं की ती खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकायची आणि त्याला वर बसवायचं. काका सत्तरी ओलांडलेले, मूळचे साताऱ्याकडचे, वडिलांच्या हाताखाली शिकलेले. बोलतात कमी, न्हावी बडबडे असतात हा समज त्यांच्यापुरता खोटा आहे.

कात्री त्यांनी बराच वेळ उचललीच नाही. केस ओले केले, भोवऱ्यापासून सगळे पुढे कपाळावर ओढले आणि हलकेच हात दाबून सोडून दिले. केस आपसूक फाटले तिथे कंगव्याची कड टेकवली. ‘तुम्ही पाडताय तो भांग तुमचा नाही,’ म्हणाले, ‘तुमचा हा इथं आहे, अर्धा बोट खाली.’ मग भोवरा पुन्हा निरखून, ‘एकच आहे. दोन असते तर दोन लग्नं झाली असती म्हणतात. सुटलात.’

या कटची सगळी मेख एका जागी आहे: बारीक केस संपून लांब केस कुठे सुरू होतात ते दिसता कामा नये. कानावर, मानेवर कातडी जवळजवळ उघडी; चार बोटं वर गेलं की केस कंगव्यात धरता येतील इतके. मधल्या चार बोटांत कुठेही पायरी नको. विजेच्या मशीनवर हे प्लास्टिकचे गार्ड लावून करतात. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. प्रत्येकाची लांबी ठरलेली, आणि दोन नंबरांच्या सांध्यावर कड उठते ती नंतर मोडत बसायची. काकांकडे गार्ड नाहीत. कंगवा मानेशी चपटा लावून ते वर सरकवतात आणि कवटीचा मागचा उंचवटा आला की त्याची कड हळूहळू बाहेर काढतात. दातांतून जेवढं डोकावेल तेवढं कात्री खाते. कात्रीचं एक पातं कंगव्याला समांतर, स्थिर. हलतो तो फक्त अंगठा. मधूनच कात्री केसांपासून दूर हवेतच दोन-तीनदा वाजते. मला ती सवय वाटली. ‘केस झटकले जातात आणि हाताचा ठेका मोडत नाही,’ हे काकांचं उत्तर.

मग पेटीतून निघालं हातमशीन. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांची मान इथे आपोआप आखडेल. दोन दांड्या, पुढे एकावर एक बसलेल्या दोन दातेरी पट्ट्या, मध्ये स्प्रिंग. खालची पट्टी जागची हलत नाही. मूठ दाबली की वरची आडवी सरकते आणि दातांमधले केस तोडते. मूठ सैल केली की स्प्रिंग तिला परत आणते. यंत्र एवढंच. पण मुठीपेक्षा हात पुढे गेला, किंवा पट्टी पुरती सरकायच्या आत मशीन उचललं, तर केस तुटत नाहीत, उपटले जातात. लहानपणी आपण ज्या न्हाव्यापुढे रडलो त्याचा हात मुठीशी जुळलेला नव्हता, यंत्राचा दोष नव्हता. काकांनी मानेपासून वर चार-पाच फेऱ्या मारल्या, प्रत्येक फेरीच्या शेवटी मशीन विमानासारखं अलगद उठलं, आणि मला थंड पोलादाखेरीज काही जाणवलं नाही.

विजेच्या मशीनची जात निराळी. अमेरिकेत लिओ वॉल यांनी १९२० च्या सुमारास ते बाजारात आणलं. त्याच्या पोटात विद्युतचुंबक असतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे पातं सेकंदाला १०० वेळा हलतं. मूठ सेकंदाला दोन-तीनदा दाबली जाते. वेगाची तुलनाच नाही, आणि शेजारच्या खुर्चीवरचा उत्तर प्रदेशातला कारागीर विजेच्याच मशीनवर काम करतो, चांगलं करतो. काकांची तक्रार दुसरी आहे. ‘शिकाऊ पोराला आधी लाइटचं मशीन दिलं की मशीन काम करतं, पोराचा हात कोराच राहतो.’

शेवटी मान. ती वस्तऱ्यानं चौकोनी कोरून द्यायची अनेकांना हौस असते, कारण त्या दिवशी छान दिसते. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात; आठवड्यात चौकोनाखाली खुंट उगवतात. काका मान कोरत नाहीत, विरवत नेतात. वस्तरा फक्त कल्ल्यांना आणि कानामागे. तोही आता खरा वस्तरा नाही. एड्सबद्दलची जागृती झाली तेव्हा पट्ट्यावर परजायचा वस्तरा बाद झाला आणि अर्धं ब्लेड अडकवायचा साचा आला. नवं ब्लेड कागदासकट मोडून अर्धं बसवताना काका ते मुद्दाम गिऱ्हाइकाला दिसेल असं धरतात. चामड्याचा पट्टा खिळ्याला अजून लटकतो, बिनकामाचा.

हे सगळं किती दिवस चालेल? मला धास्ती वाटली ती आधी स्प्रिंगची. हातमशीनची स्प्रिंग आता सुटी मिळत नाही. काका मेलेल्या मशीनमधून काढून जिवंत मशीनला घालतात, आणि पेटीत अशी मेलेली मशीनं तीनच उरली आहेत. धार लावणारा गेला. पट्ट्या पुरत्या सपाट घासाव्या लागतात, नाहीतर केस मधे दुमडतात. ते काम काका रात्री काचेच्या तुकड्यावर स्वतः करतात. चाळ पुनर्विकासाला निघाली आहे. दुकानाला नव्या इमारतीत जागा कागदावर आहे, पण बांधकामाच्या वर्षांत कुठे बसायचं ते कागदावर नाही. २०२० च्या टाळेबंदीत मार्चमध्ये दुकानाला कुलूप लागलं. २८ जूनपासून राज्यात सलून उघडली तीही फक्त केसांसाठी, दाढीला मनाई. त्या तीन महिन्यांत काका गावी होते, आणि परतल्यावर तिसऱ्या खुर्चीचा कारागीर आलाच नाही.

मुलाबद्दल विचारायला मी कचरत होतो. त्यांनीच सांगितलं. तो ठाण्याला एका कंपनीत हिशेब बघतो. ‘तो इथं आला नाही याचं मला वाईट वाटत नाही. धंदा काय म्हणून विचारलं की आमच्याकडे बघायची माणसांची नजर बदलते. ती त्यानं कशाला सोसायची?’ कला टिकली पाहिजे असं लिहिणाऱ्यांनी, मीही त्यात आलो, आधी याचं उत्तर द्यावं. बलुतं गेलं, कारागिराला वरून बघायची सवय गेलेली नाही.

आणि दर. माझ्या डोक्याला पाऊण तास लागला. दिवसभरात अशी फार तर दहा डोकी होतात, त्यातून भाडं, वीज, सामान. दोन गल्ल्या पलीकडे काचेच्या दाराच्या सलूनमध्ये हाच कट इंग्रजी नावानं, कॉफीसकट, ६०० रुपयांना होतो आणि कडा दिसतात. काकांनी २०० करावेत असं मी सुचवलं. जुनी गिऱ्हाइकं तुटतील म्हणून ते तयार नाहीत. तेव्हा विनंती तुम्हालाच. तुमच्या गल्लीत कंगव्यावर कात्री चालवणारं कुणी उरलं असेल तर फोनवरचा फोटो न दाखवता त्याच्या खुर्चीत बसा, पाऊण तास द्या, आणि पाटीवर काहीही लिहिलेलं असो, २०० रुपये देऊन सुटे परत मागू नका.