जावई, डायरी आणि पाठीत गोळ्या: गालेआत्सो चानोची गोष्ट

ज्यांना बसमध्ये हेडफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी आजचा भाग लेखी स्वरूपात.

११ जानेवारी १९४४. इटलीतलं वेरोना शहर. पाच माणसं खुर्च्यांना बांधलेली, पाठ बंदुकांकडे. तिथे गद्दारांना असंच मारायचे. त्यातल्या एकाने शेवटच्या क्षणी अंग पिळून मागे वळायचा प्रयत्न केला. वय ४०. हा होता इटलीचा माजी परराष्ट्रमंत्री गालेआत्सो चानो. आणि देशाचा हुकूमशहा मुसोलिनी त्याचा सख्खा सासरा!

हे झालं कसं? जरा मागे जाऊ.

चानोचा जन्म १९०३ चा, लिवोर्नोचा. वडील नौदलातले नामांकित अधिकारी आणि फॅसिस्ट पक्षातलं वजनदार नाव. पोरगा परराष्ट्र सेवेत शिरला. १९३० मध्ये मुसोलिनीची मुलगी एडा हिच्याशी लग्न झालं आणि गाडी सुसाट सुटली. शांघायमध्ये वकिलात, मग प्रचारखातं, आणि १९३६ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी थेट परराष्ट्रमंत्री. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रमोशनवर प्रमोशन, आणि अप्रेझल घेणारे सासरेबुवा.

मे १९३९ मध्ये बर्लिनला त्याने जर्मनीशी 'पोलादी करार' केला. एकाने युद्ध केलं तर दुसऱ्याने सोबत उतरायचं, असा तो करार. ऑगस्टमध्ये तो जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपला आणि मग हिटलरला भेटला. तेव्हा त्याला कळून चुकलं, की यांना तडजोड नकोच आहे, युद्धच हवंय. परत येऊन त्याने सगळं डायरीत लिहिलं. चीड, भीती, सगळं.

आणि राजीनामा? तो नाही दिला.

इथे त्याला हिरो करू नका हं. एप्रिल १९३९ मध्ये अल्बानिया गिळण्यात त्याचाच पुढाकार होता. १९४० मध्ये ग्रीसवर हल्ला करा म्हणून मागे लागणाऱ्यांतही तोच. तिथे ग्रीकांनी इटलीच्या सैन्याला उलटं अल्बानियात रेटलं.

फेब्रुवारी १९४३ मध्ये मुसोलिनीने त्याचं मंत्रिपद काढून घेतलं. जुलैमध्ये दोस्त राष्ट्रं सिसिलीत उतरली. २४-२५ जुलैच्या रात्री फॅसिस्ट ग्रँड कौन्सिलमध्ये मुसोलिनीविरुद्धच्या ठरावाला १९ मतं पडली. त्यातलं एक जावयाचं.

राजाने मुसोलिनीला अटक केली. चानो कुटुंबासह पळाला, पण जर्मनांच्याच भरवशावर, त्यामुळे पोहोचला म्युनिकला! सप्टेंबरमध्ये जर्मनांनी मुसोलिनीला सोडवून उत्तर इटलीत पुन्हा गादीवर बसवलं, आणि चानोला त्याच्या लोकांच्या हवाली केलं. ८ ते १० जानेवारी खटला, ११ ला गोळ्या. सासऱ्याने वाचवलं नाही.

एडाने डायऱ्यांच्या बदल्यात नवऱ्याचा जीव मागितला. सौदा फिसकटला. मग वह्या कपड्यांत लपवून तिने स्वित्झर्लंड गाठलं. पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात रिबेनट्रॉपविरुद्ध त्या पुरावा म्हणून वापरल्या गेल्या.

खरं सांगू? मला ही गोष्ट टोचते. मीटिंगमध्ये 'हो, जमेल' म्हणायचं आणि खरं काय ते स्वतःच्या नोट्समध्ये लिहायचं, हे मीही केलंय. माझ्याकडे फार तर एक रिलीज फसते. चानोकडे सही होती आणि सहीखाली माणसं मरत होती. त्याची डायरी इतिहासाच्या कामी आली, पण ती वेळेत कुणाच्याच कामी आली नाही.

तुम्हाला काय वाटतं, कळवा. भेटू पुढच्या भागात!