डोळ्याला मार आणि मोतीबिंदू



मोतीबिंदू म्हातारपणीच होतो, असे आपण धरून चालतो. मागे तळोद्याकडे एका फडावर तिशीतला गडी भेटला. कोयता मुठीत ठोकून बसवताना लोखंडाची बारीक कपची उडून डोळ्यात गेली होती. चार दिवस दुखलं, मग थांबलं, म्हणून तो दवाखान्यात गेलाच नाही. आता त्या डोळ्याने नुसता उजेड कळतो.

डोळ्यातल्या भिंगावर पातळ आवरण असते. ते फाटले की आत पाणी शिरून भिंग दोन-चार दिवसांतही पांढरे होते. मोळी उचलताना उसाचा मुका मार बसला, तर हेच कधी कधी वर्षांनी होते. तोवर मार कोणाच्या ध्यानातही नसतो. पात्याने ओरखडून बुरशी धरते आणि फूल पडते, ते वेगळे.

रुतलेले उपटू नका, डोळा चोळू नका, दूध-मध घालू नका. दाब न देता वर स्वच्छ वाटी बांधा नि त्याच दिवशी नंदुरबारचे जिल्हा रुग्णालय गाठा. लोखंड लागले असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आत राहिले तर ते गंजून मागचा पडदा खराब करते. पडदा शाबूत असला तर शस्त्रक्रियेने भिंग बदलता येते. दुकानातून मागून आणलेले थेंब नकोतच, त्यात स्टेरॉइड असले तर बुरशी फोफावते. लहान मुलाच्या बाबतीत तर दिरंगाई अजिबात नको, त्याचा डोळा पाहायचेच विसरतो.