साष्टीचा कातळ आणि आमची विहीर

ठाणें शहर बेटावर वसलें आहे, ही गोष्ट ठाणेकरांच्याहि सहसा ध्यानांत राहत नाहीं. उल्हास नदी शहराच्या उत्तरेस दुभंगते; एक फांटा घोडबंदरावरून वसईकडे जातो व दुसऱ्या बाजूस ठाण्याची खाडी दक्षिणेस उतरते. या दोहोंच्या कवेंतील भूमि ती साष्टी. ‘षट्षष्टि’, म्हणजे सहासष्ट गांवांची, अशी या नांवाची व्युत्पत्ति सांगतात. ज्या अग्निजन्य उद्रेकांनीं दख्खनचा कातळ घडला, त्यांतील मुख्य उद्रेक सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचे. साष्टीकडील कांहीं खडक त्याहून थोडे अलीकडचे. सहासष्ट गांवें आणि सहासष्ट दशलक्ष वर्षें! योगायोगच खरा, परंतु जन्मभर शब्दांच्या फोडी करीत बसलेल्या आमच्यासारख्या मास्तरास त्याची गंमत वाटल्याशिवाय राहिली नाहीं.

हें सारें आम्हांस शिकविलें तें आमच्या पुतणीनें. ती पर्यावरण अभियांत्रिकीचा अभ्यास करते. गेल्या वैशाखांत तिच्या वर्गांतील सातआठ मुलेंमुली येथील पाण्याची पाहणी करण्यास निघालीं, तेव्हां तिनें आम्हांसहि बरोबर घेतलें. प्रथम आम्ही अंबरनाथास गेलों. तेथील शिवालय शके ९८२ मधील, शिलाहारांच्या काळचें, याच काळ्या पाषाणाचें. शेजारून वालधुनी वाहते व पुढें कल्याणजवळ उल्हासेस मिळते. मुलांनीं तिचें पाणी एका कुपींत भरलें आणि त्यांत दोन औषधें घातलीं. पाण्यांत प्राणवायु असेल तर साका तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. ही युक्ति हंगेरीच्या विंक्लर नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १८८८ मध्यें काढली. वालधुनीचा साका जवळजवळ पांढराच राहिला. मासे जगावयास लिटरमागें निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायु लागतो. ‘वाहतें पाणी आपोआप शुद्ध होतें’ असें आम्ही तीस वर्षें वर्गांत सांगत आलों होतों. त्या कुपीकडे पाहून आम्ही गप्प बसलों.

दुसरे दिवशीं मंडळी ठाण्यांतील जुन्या विहिरी पाहावयास आली. आमच्या घराच्या मागील अंगणांत पणजोबांच्या वेळची विहीर आहे. पिण्यास नळाचें पाणी. पण देवपूजेस मात्र विहिरीचेंच, हा आमच्या मातोश्रींचा दंडक. मुलांनीं तें पाणी तपासणीच्या एका लहान बाटलींत भरून ठेवलें. दुसरे दिवशीं सकाळीं पाहतों तों बाटली काळीकुट्ट! मैल्यांतील जंतु पाण्यांत असले म्हणजे असें होतें.

घरांत एकच गिल्ला झाला. आमचे धाकटे बंधु म्हणाले, “हें त्या नाल्यापलीकडच्या कारखान्याचेंच काम.” आमचेंहि मत तेंच होतें. इतकेंच नव्हे, तर दोन वर्षांपूर्वीं आळींतील वीस सह्या घेऊन आम्हीं त्या कारखान्याविरुद्ध अर्जहि केला होता. पुतणी मात्र मान हलवून म्हणाली, “मोठे काका, कारखान्याच्या रसायनांनीं बाटली अशी काळी होत नाहीं. आपला शोषखड्डा कोठें आहे?”

शोषखड्डा विहिरीपासून वीस पावलांवर होता. तिनें समजाविलें कीं, मातींतून पाणी हळूहळू झिरपतें व गाळलें जातें. परंतु आपला कातळ घट्ट आहे, त्यांत पाणी राहतें तें भेगांत आणि कुजलेल्या थरांत. भेगेंतून पाणी धांवतें, तें गाळलें जात नाहीं. खात्रीसाठीं मुलांनीं शौचकूपांत एक निरुपद्रवी हिरवा रंग ओतला. तिसरे दिवशीं सायंकाळीं मातोश्रींनीं पोहरा वर काढला, तों पाण्यास स्पष्ट हिरवट झांक!

मातोश्री बराच वेळ पोहऱ्यांत पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “इतकीं वर्षें देवाला आपण हेंच घालीत होतों का रे?” यावर घरांतील कोणाजवळहि उत्तर नव्हतें.

नंतर जें करावयाचें तें केलें. घराचें सांडपाणी नगराच्या गटारास जोडलें, खड्डा उपसून बुजविला, विहीर साफ केली. पुन्हां बाटली काळी न होईपर्यंत तिचें पाणी केवळ झाडांस. सर्वांत अवघड काम दुसरेंच होतें: ज्या वीस घरीं सह्यांसाठीं गेलों होतों, तेथें पुन्हां जाऊन ‘विहिरीपुरता दोष आमचा होता’ असें सांगणें. तेंहि आम्हीं केलें. आणि त्यांपैकीं तीन घरांनीं आपले खड्डे दाखविण्यास मुलांना बोलाविलें.

ही अडचण आपल्याच बेटाची आहे असें नाहीं. पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटेंहि ज्वालामुखींचीं. तेथें असे हजारों मैलाखड्डे असून ते २०५० पर्यंत बंद करावे, असा कायदा २०१७ मध्यें झाला.

याचा अर्थ कारखाने निर्दोष, असा मात्र कोणीं करूं नये. वालधुनीची ती पांढरी कुपी आम्ही विसरलों नाहीं, आणि त्यासाठीं अर्ज करावयास आम्ही पुन्हां सिद्ध आहों. परंतु तो अर्ज लिहिण्यापूर्वीं आपल्या अंगणांतील वीस पावलें मोजून पाहावीं, एवढीच वाचकांस विनंती.

मातोश्री हल्लीं नळाच्या पाण्यानें पूजा करतात. विहिरीची बाटली मात्र दर महिन्यास त्या स्वतः उजेडांत धरून पाहतात.