बंदूक जड होते तेव्हा

एप्रिल १९२९. कुमाऊंच्या तल्ला देस भागातल्या नरभक्षक वाघिणीच्या मागावर निघालेला जिम कॉर्बेट तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होता. काही आठवड्यांपूर्वी तराईतल्या एका शिकारीत सोबत्याच्या रायफलीचा बार त्याच्या कानाशी उडाला होता. पडदा फाटला, आत गळू धरलं, डोकं ठणकू लागलं. तशा अवस्थेत तो डोंगर चढत होता. वेदनेपेक्षा मोठी अडचण दुसरीच होती. एकाच कानाने ऐकणाऱ्याला आवाज येतो, पण तो कुठल्या अंगाने आला ते कळत नाही. भेकर भुंकलं, लंगूर खाकरला, तरी वाघीण उजवीकडे आहे की डावीकडे, हे सांगणारा साक्षीदार गेलेला. एका रात्री झाडावर बसलेला असताना ते गळू फुटलं आणि त्याची सुटका झाली. वाघीणही शेवटी पडली. मात्र ही गोष्ट त्याने छापली ती पंचवीस वर्षांनी, १९५४ मध्ये, आयुष्याच्या अखेरीस.

शिकारीवर आपल्याकडे वाचलं जातं ते बहुतेक थराराचं. बार, डरकाळी, रक्ताचा माग. ज्या शरीराच्या जोरावर हे सगळं चालतं ते शरीर थकू लागलं की त्या वेडाचं काय होतं, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो. गुडघे बोलू लागले, डोळ्यांवर चाळिशी आली, छातीत कळ येऊन गेली, की रान सुटतं का? जगभरच्या काही शिकाऱ्यांची आयुष्यं शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. म्हातारपणी शिकाऱ्याच्या हाती काय उरणार, हे त्याने तरुणपणी सावजाखेरीज आणखी काय काय पाहिलं होतं त्यावर ठरतं.

पाच पायऱ्या

अमेरिकेतलं विस्कॉन्सिन हे राज्य हरणांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि लाखो माणसं भडक नारिंगी जाकिटं घालून जंगलात शिरतात. आजोबा, बाप आणि नातू एकाच झोपडीवजा तळावर मुक्काम करतात. याच राज्यातल्या ला क्रॉस इथल्या विद्यापीठातल्या रॉबर्ट जॅक्सन आणि रॉबर्ट नॉर्टन या दोन प्राध्यापकांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात हजाराहून अधिक शिकाऱ्यांशी बोलून त्यांच्या आवडीचा आलेख मांडला.

त्यांना पाच पायऱ्या दिसल्या. पहिलीवर नुसता बार काढण्यातच आनंद असतो. दुसरीवर मोजदाद येते, परवान्यात बसतील तेवढी जनावरं मिळालीच पाहिजेत. तिसरीवर निवड सुरू होते आणि मोठ्या शिंगांचा नरच हवासा वाटतो. चौथीवर कशी मारली याला महत्त्व येतं. माणूस बंदूक बाजूला ठेवून धनुष्य घेतो, किंवा जुन्या पद्धतीची ठासणीची बंदूक. पाचवीवर पोहोचलेल्याला दिवस रानात गेला, सोबत चांगली होती, एवढं पुरतं. सावज मिळालं तर मिळालं. आजही अमेरिकेत नव्या शिकाऱ्यांना शिकवताना या पायऱ्या सांगितल्या जातात.

वय वाढलं की माणूस आपोआप वरची पायरी चढतो, असं मात्र नाही. सत्तरीतही कुणी दुसऱ्याच पायरीवर थांबलेला असतो, आणि एखादा पंचविशीत पाचवी गाठतो. वय एवढंच करतं की खालच्या पायऱ्यांवर उभं राहणं अवघड करून ठेवतं. मोजदादीचा आनंद पायांच्या बळावर असतो. पाय गेले की तो जातो, आणि ज्याच्याजवळ दुसरा आनंदच नव्हता त्याच्या हाती तक्रार तेवढी उरते.

शरीर काय काय मागे घेतं

पहिली तक्रार डोळ्यांची येते. साध्या बंदुकीने नेम धरायचा तर मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लांबचं सावज या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. तरुण डोळा तिन्ही अंतरांवर इतक्या झटपट फिरतो की सगळंच स्पष्ट वाटतं. पंचेचाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं. माशी नीट दिसावी तर हरण पुसट होतं, हरण दिसावं तर माशी विरघळते, आणि खाच दोन्ही वेळा धूसरच. मग दुर्बिणीची रायफल येते. तिच्यात सावज आणि खूण एकाच अंतरावर दिसतात, म्हणून वयस्क डोळ्याला ती मानवते.

कानाचं नुकसान सावकाश होतं आणि कायमचं राहतं. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या पुढे जातो. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाला जवळ असतो आणि उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. म्हणून अशा शिकाऱ्यांचा डावा कान आधी अधू होतो. आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज : वाळल्या पानाची चुरचुर, लहान पाखराची इशारत. रानात ज्यांची सगळ्यात जास्त गरज, नेमके तेच.

छातीचं दुखणं जिवावर बेतू शकतं. मिशिगन राज्यात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंचवीस पुरुष शिकाऱ्यांच्या हृदयाचे ठोके प्रत्यक्ष शिकारीच्या वेळी नोंदवले होते. त्यांतले बरेच जण आधीपासून हृदयविकाराचे रुग्ण होते. दवाखान्यातल्या ट्रेडमिलवर दमेपर्यंत चालून जेवढे ठोके पडले होते, त्यांच्याही वर काहींचे ठोके रानात गेले. कारणं उघड आहेत. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, वाट उंचसखल असते, हरीण समोर आलं की नुसत्या उत्तेजनेने नाडी उसळते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मारलेलं जनावर गाडीपर्यंत ओढत नेणं. आतडी काढल्यावरही मोठा नर साठ-सत्तर किलो भरतो. वर्षभर खुर्चीत बसलेल्या माणसाने एका दुपारी एवढं ओझं बर्फातून ओढणं म्हणजे नसती जोखीम.

यावर तोडगे निघाले आहेत. झाडावरच्या मचाणावरून पडून मणका मोडण्याचे अपघात होतात म्हणून अंगाला पट्टे बांधतात, किंवा जमिनीवरच्या आडोशात बसतात. बारा बोअरचा धक्का खांद्याला सोसेना तर वीस बोअर घेतात. धनुष्याची दोरी साठ-सत्तर पौंडांच्या जोराने ओढणं खांद्याला जमेना, तर क्रॉसबो. त्याची दोरी चरखीने एकदा ताणली की ती अडकून राहते. विस्कॉन्सिनमध्ये पूर्वी ही सवलत अपंगांना आणि पासष्टी ओलांडलेल्यांना होती. २०१४च्या हंगामापासून सगळ्यांनाच मिळाली. साधनांनी वर्षं वाढतात हे खरं. पण रानात का जायचं, याचं उत्तर त्यांच्यात सापडत नाही.

दिसेनासं झालेलं गवताळ रान

ते उत्तर शोधायला रशियात जावं लागेल. सेर्गेई अक्साकोवचा जन्म १७९१चा. ओरेनबर्गच्या गवताळ मैदानात तो लहानाचा मोठा झाला, बंदूक घेऊन पाणथळी तुडवत हिंडला. पुढे मॉस्कोजवळ अब्राम्त्सेवोला स्थायिक झाला आणि पन्नाशीनंतर त्याची दृष्टी जाऊ लागली. बंदूक बाजूला पडली. मग त्याने मासेमारीवर पुस्तक लिहिलं, ते १८४७ मध्ये निघालं. १८५२ मध्ये ओरेनबर्गच्या पाखरांच्या शिकारीवरचं पुस्तक आलं. डोळे साथ देईनात तेव्हा तो सांगायचा आणि मुली लिहून घ्यायच्या. १८५६ मध्ये या जुन्या बंदूकवाल्याने अळंबी गोळा करण्याच्या छंदावर लेख लिहिला. पाखरांवरून मासे, माशांवरून अळंबी. शोधण्याची भूक तीच राहिली. शरीर झेपवील तेवढ्या लांबीची वाट तिने धरली.

त्याच्या शिकारीच्या पुस्तकाने कादंबरीकार तुर्गेनेव्ह भारावून गेला. तोही पक्का शिकारी, पुढे संधिवाताने जेरीस आलेला. अक्साकोवच्या पुस्तकात प्रत्येक पक्ष्याचं वेगळं प्रकरण आहे : तो कुठे उतरतो, कसा उडतो, पिल्लं कशी वाढवतो. नुसते बार मोजणाऱ्याला अंधुक डोळ्यांनी हे सांगता आलं नसतं. दिसत होतं तेव्हा त्याने भरपूर पाहून ठेवलं होतं.

त्यांच्याच काळातला टॉलस्टॉय वेगळ्या कारणाने थांबला. १८५८च्या डिसेंबरात अस्वलीने त्याला खाली पाडून कपाळाचा लचका तोडला. तो व्रण जन्मभर राहिला, तरी त्याने शिकार सोडली नाही. सोडली ती १८८०च्या दशकात, हिंडण्याफिरण्याची ताकद शाबूत असताना. जीव घेणं त्याच्या विवेकाला पटेना. शरीराने थांबवण्याआधी मनाने थांबता येतं, याचा हा दाखला.

वाघासाठी बांधलेले बांध

कॉर्बेटच्या आयुष्यात ही दोन्ही कारणं एकत्र आली. नोव्हेंबर १९३८ मध्ये ठाकची नरभक्षक वाघीण मारली तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता. संधिप्रकाशात, एका खडकावर अवघडून बसून, वाघाच्या आवाजात साद घालत त्याने तिला जवळ बोलावलं. बार काढताच रायफलीच्या धक्क्याने तो खडकावरून निसटला आणि खाली दबून बसलेल्या आपल्या माणसांच्या अंगावर कोसळला. हा आपला शेवटचा नरभक्षक, असं त्याने ठरवलं होतं आणि ते पाळलं. बत्तीस वर्षांच्या या कामाचा शरीरावर आणि मज्जातंतूंवर किती ताण आला, हेही त्याने मोकळेपणाने लिहिलं.

पण बंदूक ठेवायच्या आधीच कॅमेरा हातात आला होता. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियनने वाघांचे फोटो काढले होते, त्यावरून कॉर्बेटला ही ओढ लागली. चित्रपटाच्या कॅमेऱ्याची घरघर ऐकून वाघ बिचकत. तेव्हा त्याने ओढ्यात लहान लहान बांध घातले, पाण्याचा खळखळाट वाढवला आणि त्यात कॅमेऱ्याचा आवाज लपवला. माग, वारा, आडोसा, धीर ही शिकारीची सगळी विद्या इथे पणाला लागली आणि वाघ जिवंत परत गेला. एखाद्या वाघाचं कातडं काही वर्षांनी मलूल होतं, चांगला फोटो मात्र सगळ्यांना आनंद देतो, असं त्याचं मत होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टिक टायफसने त्याला अंथरुणाला खिळवलं. त्या आजारपणाच्या काळात त्याने जुन्या आठवणी कागदावर आणल्या. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने मुंबईहून काढलं आणि त्याचं उत्पन्न युद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांच्या संस्थेला दिलं गेलं. दुखण्याने त्याला खाटेवर टाकलं नसतं तर हे पुस्तक कदाचित आलंच नसतं.

पहाटेचा हिशोब

आल्डो लिओपोल्ड हा विस्कॉन्सिनचाच. वन्यजीव व्यवस्थापनाचा प्राध्यापक आणि आयुष्यभर शिकारी. चाळिशीच्या सुमारास तो स्वतः धनुष्यबाण तयार करून त्यांनी शिकार करू लागला. १९३५ मध्ये त्याने वाळूने भरलेलं एक ओसाड शेत घेतलं आणि कुटुंबासह तिथे हजारो झाडं लावली. उत्तरायुष्यात चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या भयंकर वेदनांनी तो ग्रासला. १९४७ मध्ये शस्त्रक्रियाही झाली. या वर्षांत तो पहाटे साडेतीनला कॉफीची किटली आणि वही घेऊन बाहेर बसायचा. कुठला पक्षी किती उजेडाला पहिल्यांदा बोलतो, ते टिपायचा. वसंतातल्या संध्याकाळी वुडकॉक या पक्ष्याचा नर गोल गोल वर चढत जातो आणि आभाळातून गात खाली येतो. ते पाहिल्यावर हंगामात एक-दोन वुडकॉकवर समाधान मानावं, असं त्याला वाटू लागलं. शिकार त्याने सोडली नाही. तिला माप आलं. एप्रिल १९४८ मध्ये शेजाऱ्याच्या शेतातला वणवा विझवताना हृदयविकाराने तो गेला.

आपल्याकडे

महाराष्ट्रात ही वाटचाल अर्धीच राहिली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं दार बहुतांशी बंद केलं आणि पन्नाशी-साठीतल्या कित्येक शिकाऱ्यांना वयाने थांबवण्याआधी कायद्याने थांबवलं. कायदा हवाच होता. वाघ त्याच्यामुळे वाचले. पण त्या पिढीचं रानाचं ज्ञान कुठे गेलं? व्यंकटेश माडगूळकरांसारख्यांनी ते वाया जाऊ दिलं नाही. शिकारीचा नाद असलेल्या या लेखकाने पुढे जनावरं निरखायला, रेखाटायला घेतली, आणि वानरांच्या टोळीवरची ‘सत्तांतर’ ही कादंबरी मराठीला मिळाली. बाकी अनेकांजवळचं बरंच काही त्यांच्याबरोबरच संपलं, कारण त्यांना कुणी विचारलं नाही.

अमेरिकेपुढे आता वेगळा पेच आहे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना मिळतो. वाटपात राज्यातल्या परवानाधारकांची संख्याही धरली जाते. युद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी आता रानातून घरी परततेय आणि मागून तेवढे तरुण येत नाहीत. म्हाताऱ्यांचे गुडघे दुखले की त्याची झळ हरणांच्या कुरणांच्या निधीलाही लागू शकते.

शिकार करावी की नाही, याबद्दल आपली मतं वेगळी असू शकतात. माझ्या मते जीव घेण्याच्या आनंदाला फार समर्थन नाही. पण या माणसांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, आणि ती शिकाऱ्यांपुरती नाही. गिर्यारोहक, गवई, शेतकरी, शल्यविशारद, सगळ्यांचाच हात एक दिवस थरथरतो. त्या दिवशी नवा छंद लावून घेऊ म्हटलं तर उशीर झालेला असतो. कॉर्बेटने कॅमेरा धडधाकट असताना घेतला, लिओपोल्डने धनुष्य चाळिशीतच कोरलं, अक्साकोवने पाखरांची पिल्लं नजर तीक्ष्ण होती तेव्हाच न्याहाळली. म्हणूनच शरीराने हात आखडता घेतल्यावरही त्यांना रान पुरलं. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्याला रानाची वाट ठाऊक असेल, तर त्याचे पाय चालताहेत तोवर त्याच्याबरोबर जा, आणि तो थांबेल तिथे थांबून तो काय पाहतोय ते विचारा.